आईचा डेक्सा स्कॅन केला, पैसे वसूल आहेत पण रिपोर्ट नीट समजून घ्या

निष्कर्ष आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरात पासष्टीच्या पुढची आई, सासू, आत्या कोणी असेल त्यांनी डेक्सा स्कॅन जरूर करून घ्या, एक्स-रेने हाडांची डेन्सिटी मोजायची खरी टेस्ट हीच. आणि सोसायटीत टेबल लावून टाचेवर फुकट मशीन लावतात ना, त्याचा आकडा बघून घाबरूही नका आणि निर्धास्तही राहू नका.

आई बाथरूमच्या उंबऱ्यात तोल जाऊन पडली, नुसतं हात टेकवायचं निमित्त, आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर काढल्यावर ऑर्थोच्या डॉक्टरांनी स्वतःहून डेक्सा लिहून दिला, म्हणाले उभ्या उंचीवरून पडून हाड मोडत असेल तर हाडाचीच चौकशी करायला हवी. आई तयारच नव्हती, कारण आमच्या सोसायटीच्या शिबिरात तिचा आकडा चांगला आला होता. तिथे एका पावडर कंपनीची माणसं मशीन घेऊन आली होती, आईला म्हणाले छान आहे काकू, आणि शेजारच्या काकूंना मायनस तीनच्या पुढचा आकडा सांगून लगेच पावडरचे मोठे डबे गळ्यात मारले, त्या बिचाऱ्या कितीतरी दिवस जिना उतरायला घाबरत होत्या. मला याचा खरंच राग आहे. ते टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडवर चालतं, त्यात एक्स-रे नसतोच, कोणाला पुढे तपासायला पाठवायचं एवढा अंदाज त्यातून येऊ शकतो. पण ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ठरवायची मायनस 2.5 ची जी रेघ आहे ना, ती 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठरवली ती डेक्सासारख्या मोजणीसाठी, टाचेच्या आकड्याला ती जशीच्या तशी लावताच येत नाही. हे शिबिरात कोणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष टेस्टचं. आईला वाटत होतं एमआरआयसारखं बोगद्यात घालतील, तसं काही नाही. उघडं टेबल असतं, त्यावर उताणं झोपायचं, वरून मशीनचा एक हात सरकत जातो. इंजेक्शन नाही, उपाशी राहायचं नाही. कंबरेच्या मणक्यांसाठी पोटऱ्यांखाली फोमचा मोठा ठोकळा ठेवतात म्हणजे कंबर टेबलाला टेकते, आणि खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्टीने बांधतात, ते जरा अवघडल्यासारखं होतं पण दुखत नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. रेडिएशन असतं पण छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी, त्यामुळे त्या भीतीने टाळू नका. साडीच्या पिना, हुक, कंबरेजवळचं काहीही धातूचं घरूनच काढून जा. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवायची, हे आम्हाला सेंटरवाल्यांनी फोनवर सांगितलंच नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कळलं. आणि नुकतंच बेरियम पाजून किंवा कॉन्ट्रास्ट देऊन काही स्कॅन झालं असेल तर आधी विचारा, थोडे दिवस थांबावं लागतं.

टेक्निशियन मुलगी फार चांगली होती, काकू हलू नका हं, झालंच आता, असं सारखं बोलत होती, आईचं मनगट मोडलं होतं हे कळल्यावर तिने त्या हाताला अजिबात धक्का लागू दिला नाही. तक्रार आहे ती बाकी व्यवस्थेबद्दल. टेबल उंच आणि चढायला पायरी डुगडुगती, जिथे ठिसूळ हाडांचीच माणसं येणार तिथे पायरी तरी भक्कम पाहिजे ना. वेळ देऊनही बराच वेळ बसवून ठेवलं. आणि रिपोर्ट देताना काउंटरवरच्या माणसाने वरचा आकडा बघून माइल्ड आहे म्हणून सांगून टाकलं, हे तर व्हायलाच नको.

कारण वरचा आकडा होता मणक्यांचा, मायनस 1.3. खाली खुब्याच्या मानेचा (मांडीच्या हाडाचा वरचा निमुळता भाग) होता मायनस 2.7. टी-स्कोअर म्हणजे आपल्या हाडांची तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना. मायनस एकपर्यंत नॉर्मल, मायनस एक ते मायनस 2.5 च्या मधलं म्हणजे ऑस्टिओपेनिया (हाडं थोडी विरळ), आणि मायनस 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. (झेड-स्कोअर आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो, तो बघून बरंय की असं म्हणू नका.) डॉक्टरांनी समजावलं की या वयात मणक्यांना बाजूने हाड वाढतं, ज्याला लोक मणक्यांत गॅप, झीज वगैरे म्हणतात त्यातलाच प्रकार, शिवाय मणक्यांच्या पुढून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत कॅल्शियम साचलेलं असतं, ते सगळं मशीन मोजतं आणि मणके आहेत त्यापेक्षा भक्कम दिसतात. म्हणून जिथला आकडा सगळ्यात कमी तो धरायचा. म्हणजे आईला ऑस्टिओपोरोसिस, माइल्ड नाही. आम्ही काउंटरवरचं ऐकून घरी आलो असतो तर?

यात दुखत काहीच नाही ही खरी गोम आहे. हाड म्हणजे काही दगड नाही, ते आयुष्यभर एकीकडून कुरतडलं जातं आणि दुसरीकडून भरलं जातं, मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. तिशीपर्यंत साठा होतो तेवढा होतो. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि कुरतडणं भरण्यापेक्षा पुढे निघतं, पहिली काही वर्षं तर फार वेगाने, आणि मोडेपर्यंत काही कळत नाही.

आईला आता आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिलीये, त्याआधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनीची रक्ततपासणी झाली. गोळी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास झोपायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो, आणि काही खायचं नाही, चहासुद्धा नाही, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियम यात चार तासांचं अंतर ठेवा, आमच्याकडे दोन्ही एकत्र चालू होतं.

खाण्याचं म्हणाल तर नाचणी उत्तमच आहे, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पण पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 लागतं, तेव्हा एका भाकरीवर काम भागलं असं समजू नका, दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला सगळंच हवं. ऊन कोवळं चांगलं असं आपण म्हणतो, पण व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान जास्त येतात, आई आता अकराच्या पुढे गच्चीत हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसते. साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डीची पाकिटं मात्र मनाने खाऊ नका, ती जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

टेस्टला पाच पैकी पाच, आम्ही गेलो त्या सेंटरला तीन. आम्हाला अडीच हजारांच्या आसपास खर्च आला. फोन करताना हे विचारा: मशीन डेक्साच आहे ना, मणके आणि खुबा दोन्ही करणार ना, रिपोर्टबरोबर स्कॅनची चित्रं देणार ना. आमच्या फाइलमध्ये चित्रं नव्हती, मागितल्यावर दिली. आणि वर्ष-दोन वर्षांनी परत सांगतील तेव्हा शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. त्यासाठी आम्हीही तिथेच जाणार आहोत, पायरी बदलायला लेखी सांगून आलेय.