पश्चिमेकडचा ओटा आणि उन्हाळी सजावट: साडेतीन महिन्यांनंतर काय टिकलं

ओटा पुण्यातला. तोंड पश्चिमेला, माप साधारण 10 बाय 6 फूट, वर स्लॅब, समोर ग्रिल, दोन्ही बाजूंना भिंती. मांडणी फेब्रुवारीच्या शेवटी केली, उतरवली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात.

पश्चिमेच्या ओट्यावर मार्चपासून दुपारी एकच्या सुमारास ऊन कडेला लागतं, तीनच्या पुढे मागच्या भिंतीला भिडतं आणि मग भिंतीवर चढत जातं. मांडणीत खरा घोटाळा होतो तो वेगळ्याच कारणाने. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकून मावळतो, त्यामुळे ओट्याचा दक्षिणेकडचा कोपरा सावलीत दिसतो आणि नाजूक झाडं आपण तिथेच ठेवतो. 21 मार्चनंतर मावळती उत्तरेकडे सरकते. पुण्यात शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो तो) मेच्या मध्यावर येतो, तोवर तोच कोपरा सगळ्यात जास्त तापलेला असतो आणि सावली उत्तरेच्या भिंतीला आलेली असते. फरशीवर खडूने उन्हाची कड आखायची ती एकदा नाही, दोनदा: मांडणीच्या दिवशी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आखणीनंतर कुंड्या हलवल्या नाहीत तर पुढचं सगळं वाया जातं.

हिरवी जाळी 50 टक्के ऊन अडवणारीच घ्यावी, यूव्ही प्रक्रिया केलेली. 75 टक्क्यांच्या जाळीमागे मोगरा पानांनी भरतो आणि कळ्या धरत नाही. जाळी ग्रिलच्या बाहेरून, फक्त दक्षिणेकडच्या अर्ध्या भागाला बांधली आणि खाली दोन फूट मोकळं ठेवलं. पूर्ण झाकली की आत हवा कोंडते आणि संध्याकाळी भिंत भट्टीसारखी आग ओकते.

टांगायच्या वस्तूंत मातीच्या घंटांची माळ सर्वांत उजवी ठरली. तिचा आवाज धातूच्या नळ्यांसारखा कानात घुसत नाही, दुपारच्या झळेतही गोड वाटतो. पण ती विकत मिळते तशी टांगली तर दीड-दोन महिन्यांत पडते. घंटा फुटते ती पडल्यावर. आधी जाते दोरी. भाजलेल्या मातीच्या भोकाची कड खरखरीत असते. वाऱ्यावर घंटा हलली की दोरा त्या कडेवर करवतीसारखा घासला जातो, त्यात सुती दोरा उन्हाने वाळून ठिसूळ झालेला. म्हणून आणल्या दिवशीच सगळा दोरा काढून टाकावा. काचकागदाची सुरळी करून भोक आतून गुळगुळीत करावं, संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा अर्ध्या इंचाचा तुकडा त्यात बसवावा आणि त्यातून 1 मिमीचा विणलेला नायलॉन दोरा ओवावा. गाठीच्या वर एक लाकडी मणी घालावा, म्हणजे घंटेचा भार थेट गाठीवर न येता मण्यावर येतो. लोलक घंटेच्या खालच्या कडेला लागेल इतकाच लांब हवा. वर राहिला तर आवाज बद्द येतो. दोन माळांत हातभर अंतर ठेवावं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमायला लागले की माळा हुकावरून काढून आत ठेवाव्यात. वळवाच्या वाऱ्यापुढे कुठलीच गाठ पुरत नाही.

मातीची कासवं, बदकं, बेडूक मुलांना फार आवडतात आणि ओट्याला जीव आणतात. यांचा रंग दोन कारणांनी जातो. पहिलं ऊन: लाल आणि गुलाबी सर्वांत आधी उडतात, मेपर्यंत बदकाची लाल चोच फिकट तपकिरी झाली होती. गेरू मात्र जसाच्या तसा राहिला, कारण तो लोहाची माती आहे, उन्हाने मरत नाही. दुसरं कारण ओल. कुंडीतून सांडलेलं पाणी बेडकाच्या बुडाने शोषलं जातं, क्षार घेऊन वर चढतं आणि रंगाला आतून फोड आणतं. रंग नखाने उचलला तर खाली पांढरी पूड दिसते, ती हीच. वरून कितीही वॉर्निश मारलं तरी उपयोग नाही. प्रत्येक प्राण्याखाली फरशीचे तीन छोटे तुकडे ठेवून तो जमिनीपासून सुटा केला की हा त्रास थांबतो. झाड असलेल्या कुंडीला रंग देऊच नये, गेरूचा हात पुरे.

सावंतवाडीची लाकडी फळं चैत्रगौरीच्या आरासीला शोभतात तशी इथेही शोभतात, पण उन्हाच्या रेषेबाहेर, आतल्या फळीवर. चैत्र शुद्ध तृतीयेला मांडून अक्षय तृतीयेला पुसून पेटीत ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात. ग्रिलला लावलेली प्लास्टिकची भिरभिरी महिन्याभरात तडकली. त्यांवर पैसे घालू नयेत.

सौर दिव्यांची माळ घेताना पॅनल वेगळ्या वायरवर आहे का ते पाहावं. स्लॅबखाली पॅनल चार्ज होत नाही. ते ग्रिलच्या बाहेर, पश्चिमेकडे तिरपं बांधावं आणि आठवड्याला धूळ पुसावी. तरीही फक्त दुपारचं ऊन मिळत असल्याने दिवे रात्रभर चालतील ही अपेक्षा नको.

झाडांत निराशा केली ती ऑफिस टाइमने (पोर्तुलाकाने). दोष झाडाचा नाही, जागेचा. ही फुलं सकाळच्या थेट उन्हावर उमलतात आणि दुपार चढली की मिटायला लागतात. इथे ऊन येतं तेव्हा त्यांची वेळ संपत आलेली असते, त्यामुळे ओट्यावर ती अर्धवटच उघडली. तोच पसरट कुंडा फाटकाच्या खांबावर ठेवला आणि रोज भरून फुलला. 10 इंची कुंड्यात 3 इंची दहा-बारा कांड्या, दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. बोट खुपसून माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. जास्त झालं की खोड बुंध्याशी पाणचट होऊन लोळतं. ओट्यावर त्या जागी सदाफुली लावली, ती अजिबात कुरकुरली नाही.

मोगऱ्याला पश्चिमेचं ऊन मानवतं. 12 इंची कुंडी, फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटणी, उरलेली पानं खुडून टाकायची, चार-पाच दिवस पाण्याला ताण, मग दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि भरपूर पाणी. कळ्या नव्या फुटीच्या टोकालाच धरतात, म्हणून बहर ओसरला की सुकलेल्या फुलाखाली दोन पानजोड्या सोडून कापावं. न कापलेल्या फांदीवर पुढचा बहर विरळ येतो. संध्याकाळी सात वाजता कळ्या उमलायला लागल्या की ओट्यावर बसायचं सार्थक होतं. बाकी सजावट त्यापुढे दुय्यम.

कॅलेडियमचे (रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाचे) कंद फेब्रुवारीअखेर दोन इंच खोल लावले, कोंब उकाडा वाढल्यावरच वर आले. जागा उत्तरेचा कोपरा. पांढऱ्या पानाच्या जातीवर एकच दुपार थेट ऊन पडलं तरी कागदासारखे भुरे डाग पडतात.

मेच्या कोरड्या उन्हात जास्वंदीच्या पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड येते. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळं दिसलं की आधी पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि काही थेंब द्रव साबण घालून फवारा, पण सूर्य मावळल्यावरच. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळातलं पाणी रोज बदलावं आणि आतली कड काथ्याने घासावी. डेंगी पसरवणाऱ्या डासांची अंडी कडेलाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

पाऊस लागला की जाळी आधी काढावी. ऑफिस टाइमचा कुंडा खांबावरून स्लॅबखाली आणावा, नाहीतर आठवड्याभरात कुजतो. कॅलेडियम तिथेच राहू द्यावं, त्याचा खरा मोसम आत्ता सुरू होतो.