शॉर्ट सेल की डीड परत? त्याच घरात राहायचं असेल तर

हप्ते थकलेत, घराची किंमत कर्जाच्या खाली आहे आणि मुलांच्या शाळेपायी एवढ्यात घर हलवायचं नाही. अमेरिकेत आपली बरीच मंडळी या पेचातून गेली आहेत. 2013 च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या चँडलरला आम्हीही त्यात होतो. किमती सावरायला लागल्या होत्या, पण 2006 साली घेतलेलं आमचं घर काही वर येत नव्हतं. त्यात माझी नोकरी गेलेली आणि मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं.

आधी मनात शॉर्ट सेलच होता, म्हणजे बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीत घर विकायचं. आमच्या मंडळातले एक स्नेही म्हणाले, "मी घेतो घर, तुम्ही भाड्याने राहा." आम्हाला ते देवासारखे वाटले. पण त्यांच्या ऑफरबरोबर बँकेचा ॲफिडेव्हिट आला. विकणारा, घेणारा आणि दोन्ही एजंट, सगळ्यांच्या सह्या हव्यात. नात्यातला माणूस गिऱ्हाईक म्हणून चालत नाही, हे माहीत होतं. स्नेही चालला असता, पण विकणाऱ्याला भाडेकरू म्हणून ठेवायचं किंवा पुढे घर परत द्यायचं असं काही ठरलेलं नाही, असं त्यात लिहून द्यायचं होतं. सवलत एकच: सामान हलवायला फार तर 90 दिवस. ऑक्टोबरात व्यवहार झाला असता तर जानेवारीत बाहेर. मुलीची शाळा मेपर्यंत.

"सही करा, बाकीचं तोंडी ठरवू," असं सांगणारे भेटले. तुम्हालाही भेटतील. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो कागद दोन दिवस पडून होता. जेवताना बाजूला सरकवायचा, जेवण झालं की परत वाचायचा. कर्ज माफ करून घ्यायचं आणि घरही ठेवायचं, ही बँकेची भीती मला कळते. पण बँकेला खोटं लिहून देणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत होतं. स्नेह्यांनाही त्यात ओढायचं नव्हतं. ते एक वाक्य नसतं तर आम्ही बहुधा शॉर्ट सेलच केला असता.

दुसरी वाट म्हणजे डीड, म्हणजे घराच्या मालकीचा दस्त, बँकेच्या हवाली करणं. आमचं कर्ज फॅनी मेचं (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी कंपनी) निघालं. त्यांनी नोव्हेंबर 2009 मध्ये 'डीड फॉर लीज' आणलं होतं: डीड द्यायची आणि त्याच घरात भाड्याने राहायचं. पुढे 'मॉर्टगेज रिलीज' या त्यांच्या डीड परत घेण्याच्या योजनेतही बारा महिने बाजारभावाने भाड्याने राहण्याचा पर्याय होता. आम्ही तोच घेतला. स्वतःच्याच घराचा भाडेकरार सही करताना हात जड झाला, हे खरं. पण कागदावर लिहिलं होतं तेच आम्ही करत होतो, त्यामुळे झोप लागायला लागली. घर दाखवायला दाराला किल्लीचा लॉकबॉक्स लावायचा, अनोळखी लोक येणार म्हणून सकाळपासून फोडणी द्यायची नाही, हेही सगळं टळलं. मेमध्ये मुलगी त्याच शाळेतून पास झाली.

पुढच्या कर्जासाठी थांबण्याचा काळ फॅनी मेच्या आजच्या नियमांत दोन्हीकडे साधारण चार वर्षंच आहे, त्यामुळे त्यावरून ठरवू नका. उरलेलं कर्ज माफ झाल्याचं दोन्हीकडे लेखी घ्या. टॅक्सचं सीपीएला (अमेरिकेतल्या सीएला) विचारा.

मात्र घरावर दुसरं कर्ज असेल तर डीडची वाट अवघड होते, कारण टायटल (मालकी हक्क) दुसऱ्या कोणाच्या बोजातून मोकळं लागतं. तसं असेल, किंवा दोन-तीन महिन्यांत नाहीतरी दुसऱ्या गावी जायचंच असेल, तर शॉर्ट सेल बरा. 90 दिवस पुरतात. वर्षभर राहायचं असेल तर मी तरी डीडकडेच झुकेन. फक्त आधी आपलं कर्ज नेमकं कोणाचं आहे ते शोधा, आणि बारा महिन्यांचा करार हातात पडल्याशिवाय डीडवर सही करू नका. फोनवर 'मिळेल' म्हणणारा माणूस पुढच्या फोनला नसतो; आमच्या बाबतीत तो तीनदा बदलला.