घरच्या लॅबमधले तीन नेटवर्क स्विच: स्पीड सेम, डोकेदुखी वेगवेगळी

सहा महिन्यांत तीन स्विच (घरातली कॉम्प्युटरसारखी उपकरणं केबलने एकमेकांना जोडणारा डबा) झाले, आता लिहितोच. एक टीपी-लिंकचा साधा ८ पोर्टवाला गिगाबिट, टीएल-एसजी१०८. दुसरा लॅमिंग्टन रोडवरून उचललेला, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला २४ पोर्ट मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा. तिसरा बिननावाचा २.५ गिगाबिटवाला, एक एसएफपी प्लस पोर्ट (१० गिगाबिटचं मॉड्यूल घालायची खाच) असलेला.

आयपर्फ (नेटवर्कचा स्पीड मोजणारं सॉफ्टवेअर) लावून बसलो तर पहिल्या दोघांत फरक शून्य, दोन्हीकडे ९४१ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), कितीही वेळा चालवा. पूर्ण १००० कधी दिसतच नाही, उरलेले इथरनेट, आयपी आणि टीसीपीच्या हेडरमध्येच, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्या-माहितीतच जातात. आणि खोक्यावर ते ४८ जीबीपीएस कॅपॅसिटी छापलेलं असतं ना, ते २४ पोर्ट गुणिले दोन, येणं-जाणं धरून. त्याला भुलू नका.

२.५ वाल्यावर २.३५ जीबीपीएस मिळाले, तेही जुन्याच कॅट ५ई केबलवर, म्हणून मी खूश, पण नासवर (नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा) फाइल टाकायला गेलो तर सेकंदाला १६० मेगाबाइटच्या (एक बाइट म्हणजे आठ बिट) आसपास गाडी अडली कारण आत जुनी हार्ड डिस्क फिरतेय बिचारी. एसएसडी टू एसएसडी केलं तेव्हा कुठे २८० दिसले. एसएफपी प्लसमध्ये कॉपर मॉड्यूल (साधी नेटवर्क केबल लावायचं) घालू नका, बोट लावलं तर चटका बसतो. डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल आधीच जोडलेली) घ्या, थंड राहते.

जुन्या २४ पोर्टवाल्याचं काय सांगू. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडणं) शिकायला एक नंबर, कॅमेरे वेगळे काढले, कमांड लाइनवर हात बसला. पण फॅन! पहिल्या रात्री आई उठून किचनमध्ये गेली, "मिक्सर चालू राहिलाय का रे?" वर ३४ वॅट, म्हणजे महिन्याला साधारण २४ युनिट, नुसतं बसून. छोटा टीपी-लिंक दोन-तीन युनिटांत भागतो. आता मोठा माळ्यावर, प्रॅक्टिस करायची तेव्हाच खाली येतो.

हॉलमधल्या सॉकेटवर मात्र तिन्ही स्विच ९४ एमबीपीएसच देत होते. दोन दिवस फर्मवेअरला (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) शिव्या घातल्या, मग वैतागून भिंतीवरची प्लेट उघडली. वायरिंगवाल्याने आठातल्या चारच तारा बसवलेल्या (गिगाबिटला आठही लागतात, चारांवर १०० च), निळी आणि तपकिरी जोडी मागे छान गुंडाळून ठेवलेली.