आठ लॅपटॉप आणि सिरियल नंबर नसलेलं बिल

मार्च 2025 मध्ये आमच्या भूगोल विभागाने प्रकल्पासाठी आठ वापरलेले लॅपटॉप घेतले आणि आम्ही फसलो. निवड माझी होती, माल मिळाल्याची सहीही माझीच आहे. मार्चअखेर आली की कुठल्या ना कुठल्या विभागापुढे वापरलेली यंत्रं घ्यावीत का, हा प्रश्न येतो, म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात आहे. माण आणि खटाव तालुक्यांतल्या विहिरींची पावसाळ्याआधीची पाणीपातळी मोजायची आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर चढवायची, असा प्रकल्प. मुलं सोळा, मंजूर रक्कम 1,80,000 रुपये. एवढ्यात नवे लॅपटॉप तीनच आले असते. वापरलेले आठ येत होते, म्हणजे दोघांत एक. वापरलेले घ्यायचं ठरवलं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. कंपन्या तीन-चार वर्षांनी काढून टाकतात ती यंत्रं दणकट असतात आणि क्यूजीआयएस तर मोफतच आहे. चुकलं ते घेताना.

विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे मोफत अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे जाहीर झालेलं होतं. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो, हे मी वाचलं होतं. म्हणून कोटेशन मागवतानाच 'आय-फाइव्ह, आठवी जनरेशन, 16 जीबी रॅम' असं स्पष्ट लिहिलं. तीन कोटेशन आली. सगळ्यात कमी एका लॅपटॉपला 22,000 चं. तुलनात्मक तक्ता झाला, खरेदी समितीने सह्या केल्या. मी पुण्याला जाऊन नमुन्याचा लॅपटॉप तासभर चालवून पाहिला. प्रोसेसर 8350 यू, म्हणजे आठव्या पिढीचा, बॅटरी चांगली, स्क्रीन स्वच्छ. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बाकीचे सात याच लॉटमधले आहेत. डोळे झाकून घेऊन जा." निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता. पूर्ण रक्कम आधी भरली.

खोकी कॉलेजात आली तेव्हा मी प्रत्येक लॅपटॉप फक्त चालू होतो का एवढंच पाहिलं. सगळ्यांवर आठव्या पिढीचं स्टिकर होतं आणि सगळ्यांत विंडोज 11 होतं. विंडोज 11 चालतंय म्हणजे आठवी पिढी असणारच, असं मी धरून चालले. विंडोज 11 टाकताना होणाऱ्या प्रोसेसरच्या तपासणीतली पळवाट वापरून ते जुन्या यंत्रावरही टाकता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अर्धवट माहितीवर मी निर्धास्त झाले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, माझ्या दादाच्या लॅपटॉपमध्येही आठवी जनरेशन आहे. त्यात चार कोर दिसतात, यात दोनच का?" टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयू पाहिलं. नाव 7300 यू, कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दोन. ही सातवी पिढी. आठही तपासले. नमुन्याचा आणि आणखी एक खरा निघाला, बाकीचे सहा सातव्या पिढीचे. बाहेरचा सांगाडा इतका सारखा की शेजारी ठेवूनही फरक कळत नव्हता.

त्याच दिवशी बॅटऱ्याही पाहिल्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी-शेजारी येते. एका लॅपटॉपमध्ये 60,000 मिलीवॉट-अवरच्या जागी 19,000 उरली होती. ज्या गावांत दुपारभर वीज नसते, तिथे तो घेऊन मुलं काय करणार? एक लॅपटॉप रीसेट करून इंटरनेटला जोडला तर पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं नाव आलं आणि त्या कंपनीचा लॉगिन मागू लागला. तो अजून त्यांच्याच व्यवस्थेत नोंदलेला होता. दुकानदाराला फोन केला तर उत्तर मिळालं, "नेट बंद ठेवून सेटअप करा की." माझ्या अंगावर काटा आला. चोरीचा माल असेल तर तो आमच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढला होता.

मग बिल काढलं. कोटेशनवर 'आठवी जनरेशन' होतं, बिलावर नुसतं 'लॅपटॉप आय-फाइव्ह, 8 नग'. एकही सिरियल नंबर नाही. दुकानदाराने सरळ सांगितलं, "हे सहा माझ्याकडचेच कशावरून?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एक वर्षाची वॉरंटीही बॅटरी, स्क्रीन आणि कीबोर्ड वगळून होती, तेही मागच्या बाजूला बारीक अक्षरांत.

वापरलेले लॅपटॉप जरूर घ्या, पण बिलावर प्रत्येकाचा सिरियल नंबर आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तो नंबर लॅपटॉपच्या तळाशी असतो, विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोस या सेटिंगच्या पडद्यावरही दिसतो. दोन्ही जुळले पाहिजेत. नमुना पाहून लॉट घेऊ नका, एकेक यंत्र उघडा, रीसेट करून इंटरनेटला जोडून पाहा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. काही रक्कम तपासणी होईपर्यंत हातात ठेवा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं कोटेशन घ्या, ते चार हजारांनी महाग असलं तरी.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली आणि कॉलेजतर्फे नोटीस पाठवली. कंपनीचा लॉगिन मागणारा लॅपटॉप दुकानदाराने मुकाट्याने परत घेतला आणि 22,000 रुपये दिले. उरलेल्या पाचांबद्दल अजून दाद नाही. मे महिन्यात मुलांनी दोन चांगल्या लॅपटॉपवर पाळीपाळीने काम केलं. रात्री उशिरापर्यंत बसूनही सहा गावं राहिली, तोवर वळवाचा पाऊस आला. त्या गावांतल्या विहिरींच्या नोंदींचे रकाने आमच्या तक्त्यात कोरे आहेत.