बिनगाडीची वाइन-वारी: अकलूज की नाशिक?

द्राक्षं बघायला सांगलीकरानं गाव सोडून कशाला जावं, हा टोमणा मीही खाल्लाय. पण तासगावचं थॉमसन, सोनाका खायला आणि बेदाण्याला. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. त्याची बागच वेगळी दिसते. राज्याच्या 2001 च्या वाइन धोरणानंतर पलूसला वाइन पार्क आलं खरं, पण ती औद्योगिक वसाहत, हिंडायची जागा नव्हे. मग उरतात अकलूज आणि नाशिक. दोन्हीकडं मी गाडीशिवाय जाऊन आलोय. चाखायचं असेल तर स्टेअरिंग नको, आणि मित्राला ड्रायव्हर करून कोरडा बसवणं बरं दिसत नाही.

अकलूज तसं जवळ. पंढरपूर, तिथनं अकलूज, मग मोटेवाडी. तिथं ‘फ्रातेल्ली’ ही वायनरी. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेक्की, आपले मोहिते-पाटील आणि दिल्लीचे सेखरी अशा भावांच्या जोड्यांनी मिळून हे उभं केलं. आधी बोलून जावं लागतं, पण गर्दी नसते, सवडीनं दाखवतात. तिथली सांजोवेसे ही लाल वाइन मला नाशकातल्या कुठल्याही वाइनपेक्षा जास्त आवडली. माझी जीभ काही परीक्षकाची नव्हे, तेवढं सोडून द्या.

अडलं ते परतीला. फाट्यावर वडाप जीपची वाट बघण्यात दुपार गेली, त्याचंही काही नाही. पण सांगलीची वाट पंढरपुरावरनं, आणि माझ्या कापडी पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. गाडी असती तर डिकीत पडल्या असत्या. इथं प्रत्येक खड्ड्याला किणकिण. शेजारी तुळशीमाळ घातलेले एक आजोबा. “काय हाय पिशवीत?” मी म्हटलं, “सरबत.” त्यांनी मान डोलावली आणि माझ्या हातावर प्रसादाचे चुरमुरे ठेवले. ते काही केल्या गिळवेनात.

नाशिकचा प्रवास त्यामानानं कंटाळवाणा. मिरजेहून रात्रीची गोवा एक्सप्रेस धरली तर ती नाशिकला जातच नाही. मनमाडला उतरून गाडी बदलायची. नाशिकरोडहून गंगापूर धरण म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. त्या बाजूला पोचलात की मात्र सुला, यॉर्क, सोमा या वायनरी एकाच अंगाला आहेत. मुक्काम शहरात नको, तिकडंच करा. सोडायला आलेल्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण रिकामी रिक्षा तिथं सहसा फिरकत नाही. शनिवार-रविवारी सुलात जत्रा असते, म्हणून मी मंगळवारी गेलो. बाटली घेतली, चालत खोलीवर आलो, संध्याकाळी संपवली. परत येताना पिशवीत कपडे सोडून काही नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

दोन रात्री काढता येत असतील तर मी तरी पुन्हा नाशिकच धरेन. एकच दिवस हाताशी असेल, किंवा आईवडील सोबत असतील, तर अकलूजही वाईट नाही. आषाढी-कार्तिकी एकादशी टाळा, त्या दिवशी ड्राय डे असतो. आणि पंढरपूरचं दर्शन जातानाच उरका.