ट्रॅव्हल इन्शुरन्स: गोव्याला नको, लडाखला बघून, परदेशात मात्र काढाच

मे महिन्यात लडाखला जायचं की थायलंडला हे भावाचं अजून ठरत नव्हतं तेव्हापासून इन्शुरन्स काढू का हे त्याने मला तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी वेगळं उत्तर दिलं, कारण तिन्ही वेळा तो वेगळ्याच ट्रिपबद्दल बोलत होता. बरोबर वहिनी, दोन पोरं आणि आमची आई, वय ७१, बीपी आणि शुगर दोन्ही. म्हणून म्हटलं एकदाच सगळं शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी एक सांगते. पॉलिसीत पंधरा गोष्टी लिहिलेल्या असतात पण खरं तर त्यात दोन वेगळे माल एकाच पिशवीत घातलेले असतात. एक म्हणजे परक्या ठिकाणी आजारी पडलात, पडलात झडलात तर दवाखान्याचा खर्च. दुसरा म्हणजे ट्रिपचे पैसे, म्हणजे रद्द झाली, फ्लाइट लेट, बॅग हरवली वगैरे. दुसऱ्यातलं नुकसान जिवाला लागतं पण सोसतं, पहिल्यातलं घर विकायला लावू शकतं. तरी बहुतेक लोक चौकशी करतात ती बॅगेची.

गोवा, कोकण, महाबळेश्वर याला माझं सरळ उत्तर नको. तुमचा मेडिक्लेम पुण्यात चालतो तसाच पणजीत चालतो, हॉस्पिटल नेटवर्कमध्ये असेल तर कॅशलेस, नसेल तर बिल भरून नंतर क्लेम. विमानाचं तिकीट काढताना शेवटच्या पानावर दोनतीनशे रुपयांच्या विम्याची जी टिक येते ती मी काढून टाकते. फ्लाइट कंपनीनेच रद्द केली तर रिफंड किंवा दुसरी फ्लाइट देणं हे तिचं काम आहे, त्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे.

रेल्वेची गोष्ट वेगळी. आयआरसीटीसीवर माणशी ४५ पैशांत विमा मिळतो, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख आणि हॉस्पिटलसाठी २ लाखांपर्यंत. तो फक्त रेल्वे अपघातासारख्या घटनांसाठी आहे, बॅग चोरीला गेली किंवा गाडी सहा तास लेट झाली याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पण ४५ पैशांत हल्ली चॉकलेटचा कागदही येत नाही तर घ्या की. फक्त नंतर मेसेजमध्ये जी लिंक येते त्यात नॉमिनीचं नाव भरा, ते कोणी म्हणजे कोणी भरत नाही.

लडाखला मी थोडी थांबते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने थेट तिथे उतरलं की पहिले दोन दिवस झोपून काढायचे असतात आणि आपली माणसं पहिल्याच दुपारी बाजारात जातात. तिथल्या हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेम बघेल, पण तिथून दिल्लीला विमानाने पेशंट हलवायची वेळ आली तर तो खर्च साध्या मेडिक्लेममध्ये बसेलच असं नाही. शिवाय हवा बिघडली की लेहच्या फ्लाइट रद्द होतात आणि हॉटेलच्या दोन रात्री जास्तीच्या पडतात. म्हणून आई बरोबर असेल तर डोमेस्टिक ट्रॅव्हल पॉलिसी काढावी, नुसती तरणी पोरं असतील तर मेडिक्लेमचं पुस्तक एकदा वाचून ठरवावं. घेतलीच तर बाइक, राफ्टिंग, ट्रेकिंग यातलं काय वगळलंय ते बघा, कारण लडाखला जाऊन लोक नेमकं तेच करतात.

आता थायलंड. इथे आपला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा सीमेवरच थांबतो, म्हणजे साधं अपेंडिक्स दुखायला लागलं तरी खिशातून डॉलर. आठवड्याभरासाठी ५०,००० डॉलरचं कव्हर तरुण माणसाला पाचसहाशे रुपयांच्या आसपास पडलं होतं आमच्या वेळेला, एका जेवणाचे पैसे झाले. ज्येष्ठांना जास्त पडतं पण तिथेच तर त्याची गरज आहे. आणि फुकेतला स्कूटर भाड्याने घेणार असाल तर नीट ऐका: फोर व्हीलरच्या लायसन्सवर टू व्हीलर चालवली आणि पडलात तर इन्शुरन्सवाले हात वर करणार, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल परमिट पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओतून मिळतं, १,००० रुपये फी, वर्षभर चालतं, पण तुमच्या लायसन्सवर मोटरसायकल असेल तरच त्यात ती येते. भाऊ म्हणाला मी तर हेल्मेट घालून चालवणार. कर्वे रोडवर कधी घातलं नाही, तिकडे घालणार!

युरोपला चॉइसच नाही, शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं आणि तेही पूर्ण मुक्कामाचं. तिथे प्रश्न एवढाच उरतो की व्हिसापुरती स्वस्तातली घ्यायची की चार पैसे टाकून बरी. दोन वर्षांपूर्वी मी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा बरी घेतली, बॅगेसकट. प्रागला उतरलो, बाबांची बॅग आलीच नाही, मधल्या एअरपोर्टवर राहिली. बेल्टशेजारच्या काउंटरवर जाऊन तक्रारीचा पीआयआर नावाचा कागद घेतला (तो न घेता बाहेर पडलात तर पुढे भांडत बसाल), मग बाबांना बनियन, सॉक्स आणि एक स्वेटर घेतला, ६४ युरो, पावत्या जपून. बॅग हॉटेलवर आली साडेअकरा तासांनी. पॉलिसीत लिहिलेलं १२ तासांपेक्षा जास्त उशीर झाला तरच! शून्य रुपये मिळाले. ते पैसे शेवटी विमान कंपनीकडून आले, कारण बॅग उशिरा आली तर आंतरराष्ट्रीय करारानुसार जबाबदारी मुळात तिची असते, फक्त बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची. म्हणजे ज्या बॅगेसाठी मी जास्तीचा प्रीमियम भरला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. बाबा तो स्वेटर अजून घालतात आणि येईल त्याला किंमत सांगतात.

अमेरिकेला आई-वडील मुलाकडे जातात तेव्हा आकडा बघून फसू नका. ६० वर्षांच्या पुढे बऱ्याच प्लॅनमध्ये वर १ लाख डॉलर लिहिलेलं असतं आणि आत खोलीभाडं, सर्जरी, आयसीयू प्रत्येकाला वेगळी मर्यादा. असा लाखाचा प्लॅन आणि आत अशा वेगळ्या मर्यादा नसलेला पन्नास हजार डॉलरचा प्लॅन यात मी दुसरा घेईन.

कधी काढायचा? फक्त दवाखान्यासाठी हवा असेल तर निघायच्या आदल्या रात्री काढला तरी चालतो, पण भारतातून निघायच्या आधी. ट्रिप रद्द होण्यासाठी हवा असेल तर ज्या दिवशी परत न मिळणारे पैसे भरले त्याच दिवशी किंवा मग नकोच, कारण ते कव्हर पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं आणि मधले दोन महिने तुम्ही उघडेच. वादळाची बातमी आली, संप जाहीर झाला, मग धावत जाऊन काढला तर त्या कारणासाठी उपयोग नाही.

आणि रद्द करायची कारणंही ठरलेली असतात, तुमचं आजारपण, घरातला मृत्यू अशी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर आमच्या सोसायटीतल्या तीन कुटुंबांनी काश्मीर रद्द केलं, कोणी करणार नाही? पण ‘जायची भीती वाटते’ हे कारण सहसा यादीत नसतं. २०२३ च्या मे मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हाही तेच, कंपनी बुडणं हे बऱ्याच पॉलिसीत वगळलेलं असतं. खास पुणेकरांसाठी अजून एक: मुंबईहून फ्लाइट आहे, एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याला अडकलात आणि विमान गेलं, तर टॅक्सीतल्या ट्रॅफिकचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत. चार तास आधी नाही, सहा तास आधी निघा, हा इन्शुरन्स फुकट आहे.

क्रेडिट कार्डावर फुकटात कव्हर आहे म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं की तिकीट त्याच कार्डाने काढायची अट आहे का, आणि त्यात दवाखाना आहे का नुसता विमान अपघात. माझ्या कार्डावर नुसता अपघात निघाला.

काल भावाने शेवटी थायलंडची तिकिटं काढली आणि तासाभरात पॉलिसीचा फॉर्म मला व्हॉट्सअॅप केला. आईच्या नावापुढे ‘आधीपासूनचा आजार’ च्या रकान्यात ‘नाही’. का रे? तर म्हणे ‘हो’ केलं की प्रीमियम वाढतो आणि असंही बीपी गोळीवर आहे. जुन्या आजाराचं कव्हर बऱ्याच प्लॅनमध्ये जिवावर बेतलं तरच मिळतं हे खरं, पण लपवलं तर तेही जातं आणि उद्या पाय मोडला तरी क्लेमवाले आधी त्या रकान्यावर बोट ठेवतील. रात्री साडेअकराला फोन करून ‘हो’ करायला लावलं. ९४० रुपये वाढले, ते मी देते म्हटलं.