नैराश्याच्या गोळ्या, भूक आणि वजनकाटा: मेडिकलच्या कपाटातल्या औषधांचं परीक्षण, कोकणी ताटासकट

चिपळूण, कणकवली किंवा मालवणच्या एखाद्या बऱ्यापैकी मेडिकलमध्ये नैराश्यावरची सात-आठ औषधं सहज मिळतात. मन सावरण्याच्या कामात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक नाही. भूक आणि वजन यांच्या बाबतीत मात्र एकीचा स्वभाव दुसरीशी जुळत नाही. परीक्षण तेवढ्यापुरतंच आहे. यातली एकही गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, आणि खालचं वाचून चालू गोळी आपल्या मनाने बदलायचीही नाही.

आधी एक हिशेब. नैराश्यात पुष्कळांची अन्नावरची वासना उडते आणि वजन उतरतं. गोळी लागू पडली की ते परत येतं. दुखण्यात पाच किलो गेलेल्या माणसाने तीन महिन्यांत चार किलो भरून काढले, तर त्याचा ठपका गोळीवर ठेवता येत नाही. उलट काहींना नैराश्यातच खा-खा सुटते आणि दिवसभर झोप येते, त्यांचं वजन पहिल्या गोळीच्या आधीच चढलेलं असतं. म्हणून दोन आकडे हवेतच: दुखण्याआधीचं वजन, आणि गोळी सुरू केली त्या दिवशीचं वजन. सोबत बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात. हे आकडे नसतील तर वर्षभराने डॉक्टरांसमोर नुसता वाद उरतो.

आता एकेक औषध.

मिर्टाझापिन. ७.५, १५ आणि ३० मिलिग्रॅममध्ये येते, रात्री झोपताना घ्यायची. भूक वाढवण्यात हिचा हात धरणारी दुसरी क्वचितच. मेंदूत हिस्टामिनची एच-१ नावाची जागा ती अडवते, त्याने झोप येते आणि भूक चाळवते. सेरोटोनिनची २-सी ही जागाही अडवते, आणि पोट भरल्याची जाणीव होण्यात त्या जागेचा वाटा असतो. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चाचण्यांत ही गोळी घेणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांची भूक वाढली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्के होतं. मूळ वजनाच्या ७ टक्के किंवा त्याहून जास्त वाढ ७.५ टक्के लोकांत दिसली, दुसऱ्या गटात एकातही नाही.

इथे एक हिशेब नेहमी चुकतो. भूक फार लागते म्हणून १५ ची ७.५ करून मागतात. हिस्टामिनची जागा अगदी कमी डोसलाही भरते, त्यामुळे भूक फारशी उतरत नाही आणि मनावरचा परिणाम तेवढा पातळ होतो. डोसपेक्षा वेळ सांभाळणं जास्त उपयोगी. जेवण साडेसात-आठला, गोळी नऊ-साडेनऊला, आणि तासाभरात अंथरूण. गोळी घेऊन अकरापर्यंत टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला जी भूक लागते ती गोड आणि पिठूळ खाण्याची असते: बिस्किटं, टोस्ट, उरलेला भात, डब्यातली नारळवडी. रात्रीच्या जेवणात कुळथाची पिठी, अंडं किंवा माशाचा एक जास्त तुकडा असेल तर हा हल्ला बराच सौम्य होतो. नुसत्या पेजेवर झोपणाऱ्याला तो हमखास गाठतो.

तरीही ही वाईट गोळी नाही. सत्तरीच्या पुढची, हाडं दिसायला लागलेली, रात्रभर जागी राहणारी आणि ताट मागे सारणारी आजी असेल, तर तिला नैराश्य आहे याची खात्री करून डॉक्टर हीच गोळी काढतात, आणि तिथे भूक वाढणं ही दुखण्यावरची अर्धी मात्रा ठरते. फक्त भूक लागावी, नैराश्य नाहीच, अशा माणसाला टॉनिक म्हणून देण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल किंवा घेर आधीच जास्त असेल, तर दुसरा पर्याय आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारावं. ही घेताना साखरेबरोबर कोलेस्टेरॉलही तपासायला हवं, तेही वाढू शकतं.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन. जुनी, स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळणारी. अर्धशिशी आणि नसांच्या दुखण्यावर १० किंवा २५ मिलिग्रॅम देतात, त्यामुळे आपण नैराश्याच्या वर्गातली गोळी घेतोय हे पुष्कळांच्या गावीही नसतं. वजन वाढवते, आणि दोन वाटांनी: हिस्टामिन अडवून भूक, आणि तोंडाला कोरड पाडून गोड पेयं. रत्नागिरीच्या मे महिन्यातल्या घामात कोरड पडलेला माणूस दिवसाला चार ग्लास कोकम सरबत सहज रिचवतो, आणि बाटलीतलं तयार कोकम सिरप म्हणजे मुख्यतः साखर. आमसुलं भिजवून, मीठ-जिरं घालून, साखरेविना केलेलं पाणी तीच तहान भागवतं. बद्धकोष्ठता ही हिची दुसरी खोड. पोट साफ नसलं की काटा किलोभर पुढे दिसतो आणि लोक त्यालाच चरबी समजतात. वयस्कर माणसांत, प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर जपून.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन हे एकाच घराण्यातले, पण सख्खे भाऊही सारखे नसतात. पहिल्या पंधरवड्यात चौघांचीही तक्रार एकच: मळमळ, भूक मंद, कधी जुलाब. सर्ट्रालिनला जुलाब जरा जास्त. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की त्रास होतो. उकड्या तांदळाची मऊ पेज, वर मीठ आणि लिंबाच्या लोणच्याचा खार, त्यानंतर गोळी, हा उपाय साधा आणि चांगला आहे. आंबोळी-घावणेही चालतील, तिखट रस्सा नको. बहुतेकांची मळमळ दोन आठवड्यांत सरते. एकादशी किंवा संकष्टीच्या कडक उपासाला गोळी चुकवू नये. केळं किंवा दूध घेऊन घ्यावी.

पुढची गोष्ट सावकाश घडते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आठ आरोग्यसंस्थांमधल्या १,८३,११८ प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्ट्रालिन ही तुलनेची पट्टी धरली होती. सहा महिन्यांत तिच्यापेक्षा एस्सिटालोप्रामने सरासरी ०.४१ किलो, पॅरॉक्सेटिनने ०.३७ आणि ड्युलोक्सेटिन या वेगळ्या घराण्यातल्या गोळीने ०.३४ किलो जास्त वाढवलं. फ्लुऑक्सेटिन जवळजवळ बरोबरीत. आकडे पाहून कुणी म्हणेल, एवढ्यासाठी कशाला परीक्षण? पण सरासरीत सहा किलो चढलेला आणि दोन किलो उतरलेला एकत्र मिसळून जातात. शिवाय सहा महिने हा काळ तोकडा आहे. त्याच नोंदींत सर्ट्रालिनवरच्यांचं वजन सहा महिन्यांत पाव किलोच्या आतबाहेर वाढलं होतं, दोन वर्षांत ते सुमारे दीड किलोवर गेलं. ब्रिटनमधल्या सुमारे तीन लाख लोकांच्या नोंदींवरचा २०१८ चा अभ्यासही हेच सांगतो: वजन वाढण्याची शक्यता दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त. नेमक्या त्याच वेळी माणूस बरा झालेला असतो आणि काटा माळ्यावर गेलेला असतो.

वजनात पॅरॉक्सेटिन आणि एस्सिटालोप्राम जवळजवळ बरोबरीत, तरी या चौघांत शेवटचा नंबर आम्ही पॅरॉक्सेटिनला देऊ, कारण सोडताना तीच सर्वांत जास्त छळते. फ्लुऑक्सेटिन सुरुवातीला भूक थोडी मारते आणि सुमारे किलोभर उतरवते, म्हणून बारीक होण्यासाठी ती मागणारेही भेटतात. काही महिन्यांत तो फायदा ओसरतो. एस्सिटालोप्रामची गंमत वेगळीच. ती पुष्कळदा क्लोनाझेपाम या घबराट शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिळते. क्लोनाझेपामने सुस्ती येते, दुपारची डुलकी दोन तासांची होते, संध्याकाळची समुद्रावरची फेरी बंद पडते, आणि वजनाचं खापर मात्र एस्सिटालोप्रामवर फुटतं. पट्टीवर दोन नावं आहेत का ते पाहावं आणि दुसरी किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं. सवय लागणारी असल्याने तीही एकदम तोडायची नाही.

व्हेन्लाफॅक्सिन वजनाला फारशी हात लावत नाही, पण डोस चढला की रक्तदाब वाढवू शकते. जिथे रोजच्या जेवणात सुकट, खारवलेला बांगडा आणि लोणचं असतं तिथे हे ध्यानात ठेवायला हवं. ड्युलोक्सेटिन आधी भूक मारते आणि नंतर वजन हळूहळू परत देते.

बुप्रोपिऑन हे या कपाटातलं वजन उतरवणारं औषध. वरच्याच अभ्यासात सर्ट्रालिनपेक्षा ०.२२ किलो कमी भरलं, आणि मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ होण्याची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी घटली. म्हणजे चमत्कार नव्हे. फिट येणाऱ्यांना, खाऊन मुद्दाम उलट्या काढण्याचा किंवा स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार असलेल्यांना ही चालत नाही. रोजची दारू एकदम सोडणाऱ्यालाही नाही, फिट येऊ शकते. १५० मिलिग्रॅमची गोळी हळूहळू विरघळणारी असते. ती तोडून किंवा कुटून घेतली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. सकाळीच घ्यावी, नाहीतर झोप उडते.

ताटाचं परीक्षणही करायला हवं, कारण गोळी भूक वाढवते, भरतं ते ताट. मासे बंद करायची गरज नाही. "औषध उष्ण आहे, मासे खाऊ नका" हा सल्ला वरच्या गोळ्यांसाठी निराधार आहे. गाडी अडते ती भातावर. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३० कॅलरी असतात, आणि कालवण चांगलं झालं की भात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेतला जातो. त्या कालवणात अर्ध्या नारळाचं वाटण असतं ते वेगळंच. भात एकदाच, मोजून दोन मुदी, आणि पोट भरायला भाजी किंवा तळण्याऐवजी तव्यावर कमी तेलात भाजलेला मासा, एवढं पाळलं तरी पुष्कळ. एप्रिल-मेमधला आमरस आणि फणसाचे गरे, मग गणपतीतले मोदक या काळात काटा वर जाणारच, त्यासाठी डॉक्टरांकडे धावू नये. महिनाभराने खाली येत नसेल तर मात्र जावं. काजूच्या घरात वाटी समोर ठेवून गप्पा मारू नयेत, १०० ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात.

काट्याबद्दल. स्प्रिंगचा स्वस्त काटा कोकणच्या दमट हवेत गंजतो आणि दोन पावसाळ्यांत बिघडतो, म्हणून बॅटरीचा डिजिटल घ्यावा. तो शेणाने सारवलेल्या जमिनीवर, सतरंजीवर किंवा उंचसखल चिऱ्यावर ठेवला तर आकडा भरवशाचा राहत नाही. सपाट लादीवर ठेवायचा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी, हलक्या कपड्यांत. रोज पाहू नये, पाण्याच्या चढउताराने जीव टांगणीला लागतो. पहिले तीन महिने दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा, गोळी चालू आहे तोवर.

मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तीन किलो, ही डॉक्टरांना दाखवायची रेघ. जाताना वजनाची वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्याव्या. मनाच्या इतर आजारांवर देतात ती ओलान्झापिन, क्वेटियापिन किंवा व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर खरा दोषी बहुधा तिथे असतो. थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी करून घ्यावी. थायरॉइड मंदावलं की वजन चढतं, मनही खचतं, आणि दोन्ही गोळीच्या माथी मारलं जातं. त्यानंतर डॉक्टर गोळी बदलतील, किंवा तीच ठेवून मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारखा आधार देतील.

उलट बाजूही असते. म्हातारं माणूस गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत खायचंच बंद झालं, मळमळ, गोंधळलेपणा, तोल जाणं असं दिसलं, तर भूक वाढवायच्या मागे न लागता रक्तातलं सोडियम त्याच दिवशी तपासावं. एस्सिटालोप्रामच्या घराण्यातल्या औषधांनी ते घसरू शकतं, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच.

वजन वाढलं म्हणून चिडून पट्टी फेकून देणं हा सर्वांत महाग मार्ग. दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड सुरू होते; पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये जास्त, फ्लुऑक्सेटिनमध्ये कमी, कारण ती शरीरातून फार हळू उतरते. कमी करायची ती टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या वेळापत्रकाने. डॉक्टर लांब असतील आणि मध्येच त्रास वाढला, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो.

आणि पावसाळ्यात साठा पाहून ठेवा. दरड कोसळून घाट बंद झाला की मेडिकलचा माल अडकतो, आणि व्हेन्लाफॅक्सिन किंवा अ‍ॅगोमेलाटिन (हीही नैराश्यावरचीच गोळी) यांसारखी कमी खपाची औषधं आधी संपतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दहा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घरात हव्यात, हवाबंद डब्यात, स्वयंपाकघराच्या वाफेपासून लांब.